मराठीचा पेपर

छापखाना बंद पडला तेव्हा माझी पंचेचाळिशी उलटली होती. वीस-बावीस वर्षं मी मुद्रितशोधक होतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरत होतो. नोकरी गेली तरी खोड जात नाही. दुकानाच्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं की आतली डाळसुद्धा मला संशयास्पद वाटायची.

अशा माणसाला भाईंदर पूर्वेत काम मिळणं अवघड होतं. तिथे तेव्हा दोनच धंदे जोरात होते, इमारती बांधणं आणि त्यातली घरं विकणं. आणि दोन्हींत शुद्धलेखनाची अडचणच होते. शेवटी एका शेजाऱ्याच्या ओळखीने मला बांधकाम कामगारांच्या प्रशिक्षण केंद्रात कारकून म्हणून घेतलं. तात्पुरतं. कायम करायचं पत्र वर्षभराने, काम बघून.

केंद्र म्हणजे नवघरच्या टोकाला, भराव टाकलेल्या मिठागराच्या कडेला, पत्र्याची एक लांब शेड. एका बाजूला बाकं आणि फळा, दुसऱ्या बाजूला विटा, वाळू आणि पाण्याचं पिंप. उन्हाळ्यात पत्रा तापायचा आणि भरतीच्या वेळी खाडीचा वास यायचा. दारावर मात्र 'उत्कृष्टता केंद्र' अशी पाटी होती. त्यातला 'त्कृ' रंगाऱ्याने इतक्या कष्टाने काढला होता की मला त्याच्यात काही चूक काढता आली नाही, आणि पहिल्याच दिवशी माझी निराशा झाली.

केंद्रप्रमुख सरकारी खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर होते. सगळे त्यांना सर म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना समारंभाचा नाद होता. उद्घाटनाला त्यांनी पाहुण्यांच्या हातून पहिली वीट बसवली. थापीला लाल रिबन, घमेल्याला झेंडूची माळ, आणि गुरुजी मंत्र म्हणायला. पाहुण्यांनी पाव भाजीत बुडवावा तशी वीट सिमेंटच्या मालात दाबली. फोटो निघाले, टाळ्या झाल्या, सगळे चहाकडे वळले. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक माणूस उठला. पन्नाशी ओलांडलेला, काळा, बारीक, गुडघ्यात किंचित वाकलेला. त्याने थापीची रिबन सोडून खिशात ठेवली, थापीच्या मुठीने विटेला दोन हलके ठोके मारले, एक डोळा मिटून बघितलं आणि जागेवर जाऊन बसला.

"काय केलंत?" मी विचारलं.

"काय नाय. सायेब वाकडा बसला व्हता."

"वीट म्हणायचंय का तुम्हाला?"

"मी काय बोललो?" असं म्हणून त्याने माझ्याकडे बघितलं. तेव्हापासून आमची ओळख.

मी त्याला मिस्त्री म्हणायचो. तो मला मास्तर म्हणायचा. मी काही शिकवत नाही, नुसती हजेरी मांडतो, हे मी त्याला दोनदा सांगितलं. तो म्हणाला, "चष्मा हाय, वही हाय, आणखी काय पायजे?"

तो रत्नागिरीकडचा. बाप चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, गवंडी. गावाकडे घरं चिऱ्याची असायची तोवर ह्याच्या घरात काम होतं, मग तिकडेही सिमेंटचे ठोकळे आले आणि हा इकडे आला. आल्यावर सहा वर्षं डोक्यावर घमेलं वाहिलं, कारण इथल्या मुकादमाला चिऱ्याचा गवंडी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मग एकदा कुणीतरी आजारी पडलं, ह्याच्या हातात थापी आली, ती पुन्हा कुणी काढून घेतली नाही. पुढची पंचवीस वर्षं तो गोडदेवच्या एका चाळीत राहून आजूबाजूच्या इमारतींच्या भिंती बांधत होता. मी राहत होतो ती इमारतपण निम्मी त्यानेच बांधलेली. "तुमचा कुठला माळा?" त्याने विचारलं. तिसरा, म्हटल्यावर जरा आठवून म्हणाला, "मग बरा हाय. चवथ्याला आमी घाईत व्हतो."

असा माणूस विटा रचायचं शिकायला आमच्याकडे का आला होता, तर भाईंदरच्याच इंद्रलोक भागात एका बड्या कंत्राटदाराचं काम चालू होतं आणि मिस्त्री त्याच्याकडे होता. कंत्राटदाराने जाहीर केलं होतं की दिवाळीनंतर ज्याच्याजवळ केंद्राचं कार्ड असेल तोच हजेरीपटावर मिस्त्री. बाकीचे हेल्पर. हेल्पर म्हणजे पुन्हा घमेलं.

"हातात थापी दिली का काय पण करीन," तो मला म्हणाला. "पण हे गुडघे घेऊन परत घमेला नको. जिन्याने माल चढवायचा मास्तर, लिफ्ट नंतर येते." एवढंच त्याचं मागणं होतं. त्यासाठी तो रोज सकाळी सातला येऊन दोन तास बाकावर बसायचा आणि तिथून साइटवर जायचा.

प्रशिक्षणात रोज एक भिंत बांधायची असे. सिमेंट महाग, म्हणून मातीच्या गाऱ्यात. आणि नऊ वाजता ती पाडायची, कारण उद्याच्या भिंतीला त्याच विटा लागायच्या. पहिल्या दिवशी सरांनी "चला, पाडा" म्हटल्यावर बाकीच्यांनी लाथा घातल्या. मिस्त्री आपल्या भिंतीसमोर उभाच.

"काका, पाडा ना," सर म्हणाले.

"बांधायचा शिकलो सर. पाडायचा कोर्स येगळा असंल."

"चाचा, ये तो प्रैक्टिस है," शेजारचा बिहारी प्लास्टरवाला म्हणाला. "घर थोडी है किसी का."

"भिंतीला काय मालूम, प्रॅक्टिस हाय का घर?" असं म्हणून मिस्त्रीने वरच्या थरापासून एकेक वीट काढली आणि पुसून रचून ठेवली. तीन महिने तो तशीच भिंत उतरवत होता. त्यामुळे त्याला साइटवर पोचायला उशीर व्हायचा. सरांनी एकदा माझ्याजवळ शेरा मारला की ह्यांच्यात वेळेच्या व्यवस्थापनाचा अभाव आहे.

शिकवणंही तसंच. वीट पक्की कशी ओळखायची, तर पुस्तकात होतं की मीटरभर उंचीवरून टाकावी, फुटली नाही तर चांगली. मिस्त्रीने दोन विटा घेऊन एकमेकींवर वाजवल्या. त्या भांड्यासारख्या टणकन वाजल्या. "झालं. पाडायची कशाला? माणूस कामाला ठेवताना पण माळ्यावरनं टाकून बघता काय?" वर्ग हसला, सरही हसले, आणि फळ्यावर एक मीटर असंच लिहिलं, कारण परीक्षेत एक मीटर होतं.

परीक्षेचे दोन भाग. प्रात्यक्षिक आणि लेखी. दोन्हींत वेगवेगळं पास व्हायला लागे. लेखी पेपर मुख्य कार्यालयातून इंग्रजीत यायचा, त्याचं हिंदी आणि मराठी कुणी बाहेरचा माणूस करायचा. माझ्याकडे नमुना म्हणून आधीचा मराठी पेपर आला. त्यात प्रश्न होता, 'विटेतील बेडूक कोणत्या दिशेस असावा?' विटेच्या अंगावर शिक्क्याची खोलगट खाच असते, तिला इंग्रजीत बेडकाचं नाव आहे. बाहेरच्या माणसाने शब्दकोश उघडून बेडूक बसवला होता. मी तो कागद घेऊन सरांकडे गेलो. बऱ्याच दिवसांनी कुणाची तरी चूक हाताला लागली होती. मी जरा जास्तच बोललो असेन. भाषेबद्दलची अनास्था वगैरे.

"मग तुम्हीच का करत नाही?" सर म्हणाले. "मराठीचा पेपर तुमच्याकडे. तुमच्या पत्रालाही उपयोग होईल."

मी तीन दिवस बसलो. बेडूक काढून खाच केली. थरालाही इंग्रजीत कोर्स म्हणतात, म्हणून 'सिमेंटचा कोर्स' होता त्याचा थर केला. पेपरातला मोठा प्रश्न ओळंब्याचा होता. दोरीच्या टोकाला पितळी वजन, भिंत सरळ उभी आहे की नाही हे बघायला लावतात, तो. मी आधी ओळंबाच लिहिलं होतं. मग पानावरून नजर फिरवताना तो शब्द मला साइटवरचा वाटला, धुळीचा. परीक्षेच्या कागदाला शोभेना. मी त्यावर काट मारली आणि 'लंबक' लिहिलं. लंबक स्वच्छ होता, संस्कृत होता, 'लंब' ह्या शब्दाशी त्याचं नातं दिसत होतं. मी त्या दिवशी स्वतःवर खूष होतो, हे इथे लिहून ठेवायला हवं.

पेपर कुठल्या भाषेत देणार ते आधी नोंदवायचं असे. सगळ्यांनी हिंदी लिहिलं. मराठी माणसांनीही. साइटवर सगळं हिंदीतच चालतं, त्यांना तेच सोपं. मिस्त्रीही हिंदी म्हणाला. मी पेन थांबवलं.

"मिस्त्री, तुम्ही सातवीपर्यंत मराठीतून शिकलात. अक्षर चांगलं आहे. आपल्या भाषेतून द्या."

"हिंदीत सगळे देतायत वो. बाजूला बसून जरा इचारता येतं."

"विचारायची गरज नाही तुम्हाला. ह्या वेळी मराठीचा पेपर चांगला झालाय."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग खांदे उडवले. "तुमी बोलताय तर लिवा मराठी."

प्रात्यक्षिकात त्याची भिंत बघायला बाहेरचे परीक्षक दोनदा आले. लेखीला मी देखरेखीला होतो. मराठीचा तो एकटाच, पहिल्या बाकावर. मागे हिंदीवाल्यांची कुजबुज चालली होती. मिस्त्री सावकाश, एकेक अक्षर विटांच्या सांध्यांत दर्जा भरल्यासारखं लिहीत होता. त्या मोठ्या प्रश्नाला तो बराच वेळ थांबला. कपाळाला पेन लावून वर पत्र्याकडे बघत राहिला. मग त्याला काहीतरी सापडलं आणि त्याने खाली मान घातली.

पेपर गोळा करून लिफाफ्यात भरताना मी त्याचा बघितला. प्रश्न होता, 'लंबक म्हणजे काय? भिंतीच्या बांधकामात त्याचा उपयोग सांगून आकृती काढा.' त्याने लिहिलं होतं :

'लंबक घड्याळात असतो. तो इकडून तिकडे हलतो. भिंत बांधून, गिलावा करून, रंग झाल्यावर योग्य उंचीवर खुंटी मारून घड्याळ टांगावे. भिंत ओली असताना टांगू नये, खुंटी हलते. भिंत ओळंब्यात नसेल तर घड्याळ कलते व लंबक बंद पडतो. म्हणून भिंत ओळंब्यात पाहिजे.'

खाली भिंतीचं चित्र, एकाआड एक सांधे मोडलेल्या विटांसकट. भिंतीवर घड्याळ. आणि घड्याळाशेजारी, कुणी मागितला नसताना, वरून खाली सोडलेला ओळंबा.

मी हिंदीचा पेपर उचलून बघितला. तो त्याच बाहेरच्या माणसाने घाईघाईत केला होता. प्रश्न होता, 'ओलंबा क्या है?' साइटवर बोलतात तसंच त्याने लिहून टाकलं होतं. हिंदीच्या पेपरात मराठी शब्द होता. मराठीच्या पेपरात नव्हता.

लिफाफा अजून चिकटवला नव्हता. मी सरांच्या केबिनमध्ये गेलो. हा प्रश्न चुकला आहे आणि चूक माझी आहे, असं सांगायला गेलो होतो. पण माझं पत्र दोन महिन्यांवर होतं, आणि सर चहा पीत प्रसन्न बसले होते. मी म्हटलं, "सर, एक गंमत ऐका." आणि घड्याळाची गोष्ट सांगितली. सर इतके हसले की चहा बशीत सांडला. साइटवर लंबक कुणी म्हणतं का, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. कबुली द्यायला गेलो आणि विनोद सांगून आलो. मग लिफाफा चिकटवला.

निकालात मिस्त्री प्रात्यक्षिकात पहिला आणि लेखीत नापास. मोठा प्रश्न शून्य.

कार्डवाटपाचा समारंभ दसऱ्यानंतर झाला. पाहुण्यांना दाखवायला एक नमुन्याची भिंत हवी होती. सरांनी ती मिस्त्रीकडून बांधून घेतली, कारण पास झालेल्यांपैकी कुणाचीच त्यांना खात्री नव्हती. तो बिचारा साइट बुडवून दोन दिवस खपला. पाहुण्यांनी भिंतीला हार घातला, हात फिरवला आणि म्हणाले, "हे प्रशिक्षणाचं यश आहे." मिस्त्री तिसऱ्या रांगेत बसला होता.

भाषणाच्या शेवटी सरांनी वातावरण हलकं करायचं ठरवलं. "मित्रहो, आमच्यापुढे आव्हानं किती आहेत बघा. एका परीक्षार्थीला विचारलं, बांधकामात लंबकाचा उपयोग काय? तो लिहितो, भिंतीवर घड्याळ टांगायला!"

शेड हसली. पाहुणे हसले. मिस्त्रीच्या बाजूचा प्लास्टरवाला आधी हसला, मग त्याच्या लक्षात आलं. "चाचा, आपने लिखा क्या?" त्याने कोपर मारलं. "घड़ी कहाँ टाँगोगे, सेंट्रिंग पे?" मिस्त्रीपण हसला. सगळे हसतायत तर आपण वेगळं बसू नये, एवढंच. मी मागे मिठाईच्या पुड्यांजवळ उभा होतो आणि पुडे मोजत होतो. ते आधीच मोजलेले होते.

लोक गेल्यावर तो भिंतीशी आला. हार काढून पिंपावर ठेवला आणि वरची वीट मोकळी करू लागला.

"मास्तर, लंबक म्हंजे काय वो?"

"ओळंबा."

त्याचा हात थांबला.

"मग ओळंबा लिवायचं व्हतं."

"हो."

"कोण लिवतो पेपर?"

"वरून येतो," मी म्हटलं.

त्याने मान हलवली आणि पुढची वीट काढली. "वरनं येतो तो माल असाच असतो," तो म्हणाला. मला वाटलं होतं, चिडला तर मी सांगून टाकीन. तो चिडला नाही, ह्याचा मला रागच आला.

दिवाळीनंतर काही कामाने मी इंद्रलोककडे गेलो होतो. एका अर्ध्या झालेल्या इमारतीच्या जिन्यावर तो दिसला. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मालाचं घमेलं, एक हात गुडघ्यावर. आमच्याच तुकडीतला, कार्ड मिळालेला एकजण भिंत बांधत होता. मिस्त्रीने घमेलं त्याच्यापुढे उतरवलं. तो काम थांबवून ह्याच्याकडे बघायला लागला. मिस्त्रीने एक डोळा मिटला, "अर्धा बोट भायेर" म्हणाला, आणि रिकामं घमेलं घेऊन खाली वळला. हजेरीपटावर हेल्पर आणि भिंतीवर मिस्त्री, असं चाललं होतं. मी हाक मारणार होतो. मारली नाही.

मला पत्र मिळालं. पुढच्या परीक्षेच्या पेपरात मी ओळंबा लिहिलं. कुणी विचारलं नाही, कुणी कौतुक केलं नाही. त्या खेपेला मराठीचा पेपर कुणीच घेतला नाही. गठ्ठा तसाच कपाटात राहिला. मिस्त्रीला फेरपरीक्षेचं बोलावणं मीच पाठवलं होतं. तो आला नाही. गुडघ्यांमुळे घरी बसला आहे, असं प्लास्टरवाल्याने सांगितलं.

वर्षभराने त्याचा पत्ता काढून मी त्याला भेटायला गेलो. इंद्रलोकची ती इमारत पुरी होऊन लोक राहायला आले होते आणि तो तिथे वॉचमन होता. निळा शर्ट, खांद्यावर पट्टी, प्लास्टिकची खुर्ची. फाटकाच्या एका बाजूला माणसांना जायचं छोटं लोखंडी दार होतं.

"या मास्तर. बसा. खुर्ची एकच हाय, पण बसा." तो उठायला लागला, मी त्याला बसवलं. गुडघ्यांचं विचारलं. "बसलं का दुखत नाय. म्हणून तर बसायची नोकरी मिळाली." मग काठीने फाटकाचा खांब दाखवत म्हणाला, "ह्यो बघा. दिसतोय? वरनं भायेर गेलाय. रोज बघत बसतो. एवढा पगार देतात, पण ह्याच्याकडे बघायची शिक्षा धरून."

मी ज्यासाठी आलो होतो ते बोललो. कसंबसं. तो पेपर वरून आला नव्हता, मी लिहिला होता, आधी ओळंबाच लिहिलं होतं आणि मग खोडलं.

"माहीत हाय," तो म्हणाला.

"कोणी सांगितलं?"

"तुमीच. मराठीचा पेपर चांगला झालाय बोललात ना? न बघता कसा चांगला बोलाल?" त्याने तपकिरीची डबी काढली, चिमूट घेतली. "त्या दिवशी भिंतीपाशी इचारलं ते म्हणून इचारलं. तुमी बोलता का बघायला."

तेवढ्यात एक बाई भाजीची पिशवी घेऊन आल्या, दार ढकलून आत गेल्या, आणि दार आपोआप मागे येऊन खाडकन लागलं. मी वळून बघितलं. दाराला दोरी बांधली होती, दोरी वरच्या कडीतून ओवून पलीकडे सोडली होती, आणि तिच्या टोकाला वजन होतं. पितळी, खाली निमुळतं, वापरून वापरून सोन्यासारखं झालेलं.

"हा तुमचा..."

"बापाचा. चिऱ्याच्या भिंतीवरचा. दार उघडा ठेवून जातात वो लोक, सारखं उठावं लागतं." दार लागून गेलं तरी दोरी अजून डोलत होती. इकडून तिकडे. तो तिच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.

"आता झाला बघा तुमचा लंबक," तो म्हणाला.

आणि कुणीतरी आणखी आलं, म्हणून त्याने सलाम करायला हात वर नेला.